खोळ

आमच्या इमारतीत एकंदर २२ चारचाकी गाड्या आहेत. पैकी आमची एकही नाही. तरीसुद्धा त्या २२ गाड्यांना माझ्याइतके जवळून ओळखणारा दुसरा माणूस सबंध इमारतीत सापडणार नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माझे वडील या इमारतीचे वॉचमन आहेत, आणि मी पहाटे पाच ते सात गाड्या पुसतो. सात वाजता माझा विद्यार्थी होतो.

वार्षिक अंकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मित्रांनी 'आई', 'पाऊस', 'माझे गाव', 'पन्हाळ्यावरील एक संध्याकाळ' असे विषय बघता बघता वाटून घेतले. माझ्या वाट्याला काय उरले? गाडीचे कव्हर! हसू नका, वाचकहो. ज्या वस्तूला मी रोज पहाटे हात लावतो आणि जिच्यामुळे गेल्या दिवाळीत मला चार रात्री झोप आली नाही, तिच्याविषयी लिहायचे नाही तर कशाविषयी लिहायचे?

आम्ही मूळचे गगनबावडा तालुक्यातले. आमच्याकडे पाऊस पडत नाही, कोसळतो. त्यामुळे झाकणे, शाकारणे, पांघरणे यांत आमचा जन्म गेलेला. भाताची लावण करताना बायकांच्या पाठीवर इरले, पुरुषांच्या डोक्यावर घोंगड्याची नाहीतर पोत्याची खोळ, घराच्या भिंतींना झड्या, परड्यात गवताची गंजी शाकारलेली. आजी पहिल्यांदा कोल्हापुरात आली तेव्हा खाली ओळीने उभ्या असलेल्या झाकलेल्या गाड्या पाहून तिने विचारले होते, "ह्यास्नी बी खोळ घालत्यात व्हय रं?" तेव्हापासून आमच्या घरात कव्हराला खोळच म्हणतात.

एका वर्षी चुलत्यांनी शाकारणीचा त्रास वाचावा म्हणून गंजीवर प्लास्टिकचा कागद टाकला आणि कडेने दगड ठेवून गच्च केला. श्रावणात कागद काढला तर आतून वाफ आली. गवत काळे पडलेले, हाताला गरम लागत होते. म्हशीने हुंगले आणि मान फिरवली. आजी म्हणाली होती, "गंजी भिजली तरी वाळती. कोंडली की मेली." मी तेव्हा सहावीत असेन. हे वाक्य पुढे कुठे भेटणार आहे, याची मला काय कल्पना!

२२ पैकी १३ गाड्यांना कव्हर आहे. कव्हर काढण्याचेही एक शास्त्र आहे. आधी पुढच्या-मागच्या बंपरखालचे इलॅस्टिक सोडवायचे, पोटाखालून पट्टा गेला असेल तर त्याचा चाप काढायचा, दोन्ही बाजू टपावर घडी करून घ्यायच्या आणि मग मागून पुढे वळकटी करत यायचे. म्हणजे आतले अंग आतच राहते, त्याला जमिनीची माती लागत नाही. नवखा माणूस एक टोक धरून ओढतो. ओढलेले कव्हर फरशीवरून घासत येते, वाळूचे कण उचलते आणि रात्री तेच कण घेऊन पुन्हा गाडीच्या अंगावर चढते. दोघे असले की एका मिनिटाचे काम. एकट्याला चार मिनिटे लागतात, आणि मी एकटा असतो.

कव्हर हवेच, असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात कारखान्याच्या धुराड्यातली काजळी पडते. बारीक, काळी, तेलकट. ती कोरड्या फडक्याने पुसायला गेलात तर पसरते, म्हणून आधी पाण्याने सोडवून घ्यावी लागते. कव्हर असले की झटकले आणि झाले. कंपाउंडच्या भिंतीलगत एक उंबर आहे. उंबर पिकली की दिवसा पाखरे आणि रात्री वटवाघळे तिथे यथेच्छ जेवतात आणि जेवणानंतरचे सगळे विधीही तिथेच उरकतात. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. उन्हाने तापलेल्या रंगावर ती पडून तशीच राहिली तर वरचा चकाकीचा थर खाते आणि मग कितीही घासा, तिथे चट्टा दिसतोच. आणि ऊन! लाल गाडी दोन-चार वर्षे उघड्या उन्हात ठेवून पाहा. आमच्याकडे एक आहे. टपावरून ती विटक्या कुंकवासारखी दिसते. दाराच्या आतल्या कडेला मात्र तिचा खरा लाल अजून ताजा आहे.

पण हेच कव्हर कधी कधी गाडीचा घात करते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची काळी गाडी आहे. एकदा ते गावाकडून धुळीने माखून आले आणि तशाच गाडीवर कव्हर घालून वर गेले. मार्च महिना होता. दोन दिवस वारे सुटले होते आणि सैल कव्हर दिवसरात्र फडफडत होते. आत धूळ, वरून कापड, मधून वारा. पॉलिश पेपर म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तिसऱ्या दिवशी कव्हर काढले तर टपाच्या कडांवर बारीक बारीक रेघांची जाळी. दोष अर्थातच माझ्या फडक्याला आला. मी तोंड उघडणार तोच आबांनी माझ्या देखत हात जोडले. दोन महिन्यांचे पैसे गेले. त्या रेघा अजून आहेत. पहाटेच्या बल्बच्या उजेडात त्या गोल गोल दिसतात आणि रोज मला त्यांच्यावरूनच हात फिरवावा लागतो.

आणखी एक तऱ्हा. चौथ्या मजल्यावरचा मुलगा पन्हाळ्याहून आला आणि आल्या आल्या त्याने कव्हर घातले. सायलेन्सर तापलेला होता. सकाळी कव्हराला मागच्या बाजूला भाकरीएवढे भोक! त्या भोकातून पुढे मांजर आत शिरू लागले आणि मांजराच्या आधी उंदीर. झाकलेली, उबदार, अंधारी जागा; उंदराला याहून काय हवे? बोनेटखालच्या वायरी त्याने अशा कुरतडल्या की गाडी टेम्पोवर घालून न्यावी लागली.

आमच्याच महाविद्यालयातले एक सर दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या गाडीला कव्हर नाही आणि त्यांनी मला पुसायलाही सांगितलेले नाही. साहजिकच ती इमारतीतली सर्वांत मळकी गाडी आहे. मध्यंतरी तिच्या मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'धुवा' असे लिहिले होते. ते अक्षर माझे नव्हते, सर!

सरांवरून आठवले म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी मी गाड्या पुसताना तोंडाला रुमाल बांधत असे. कोणी विचारले तर धुळीची अॅलर्जी आहे, असे सांगायचो. खरे कारण असे की, पावणेसातला आमच्या वर्गातल्या दोघी क्लासला समोरच्या रस्त्याने जातात. म्हणजे २२ गाड्यांमध्ये तेरा कव्हरे आणि चौदावे माझे. असो.

आता फियाटविषयी.

उंबराच्या पलीकडे, कंपाउंडच्या कोपऱ्यात, फरशी जिथे संपते आणि उघडी माती सुरू होते तिथे एक गाडी उभी असते. सगळे तिला फियाट म्हणतात, पण तिच्या कागदावर प्रीमियर पद्मिनी असे नाव आहे. १९७४ पासून त्या गाडीला हेच नाव होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणून आपण जिला सिनेमात पाहिले, तीच ही. त्या टॅक्स्यांतली शेवटचीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमच्या कोपऱ्यातली मात्र टॅक्सी नव्हे, घरची. फिकट निळी. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी ती १९८५ साली घेतली. वयाने ते माझे आजोबा शोभतील, पण सगळी इमारत त्यांना काकाच म्हणते. तेव्हा गाडीसाठी नाव नोंदवून वाट पाहत बसावे लागे. गाडी आली त्या दिवशी काकूंना घेऊन ते थेट नरसोबाच्या वाडीला गेले. ही हकीकत मी किमान दहा वेळा ऐकली आहे आणि दहाही वेळा वाटेत तोच टायर पंक्चर झालेला आहे.

ही इमारत उभी आहे त्या जागी पूर्वी काकांचा बंगला होता. बंगल्याला गॅरेज होते. त्या गॅरेजात फियाट राहायची आणि तिच्यावर काकूंनी शिंप्याकडून शिवून घेतलेले मांजरपाटाचे कव्हर असायचे. पुढे बंगला पडला, इमारत झाली, काकांना वर फ्लॅट मिळाला आणि फियाटला हा कोपरा. २०१८ मध्ये काकू गेल्या. त्यानंतर काकांनी गाडी चालवलेली कोणी पाहिली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा मी आठवीत होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. आमच्या गल्लीत पाणी शिरू लागले तशा एकेक गाड्या चढाच्या रस्त्याकडे निघून गेल्या. फियाट काही सुरू होईना. शेवटी आबा, मी आणि इमारतीतले सहाजण मिळून तिला ढकलू लागलो. वरून पाऊस म्हणून काका कव्हर काढू देईनात आणि कव्हर असले तर स्टिअरिंगवर बसलेल्याला पुढचे दिसेना. मग पुढची बाजू काचेच्या वर दुमडली. डोईवर पदर घेतलेल्या म्हातारीसारखी ती फियाट गुडघाभर पाण्यातून चढाला लागली! काका मागून छत्री धरून चालत होते. छत्री स्वतःवर नव्हे, गाडीच्या डिकीवर. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, पुन्हा आठजण, पुन्हा तोच पदर. दोन्ही वेळा गाडी वाचली.

त्या दुसऱ्या पुरानंतर काकांनी नवे कव्हर आणले. जाड, रुपेरी, आतून अस्तर लावलेले, जमिनीला टेकेल असे लांब. दुकानदाराने म्हणे त्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवले होते. थेंबही आत गेला नाही. काका खूश झाले. रोज संध्याकाळी ते नीट बसले आहे का, पट्टे घट्ट आहेत का, वाऱ्याने कुठे उचलले आहे का, हे पाहायचे काम त्यांनी आबांकडे दिले आणि त्याचे महिन्याला ३०० रुपये ठरले. आबांनी ते काम देवपूजेसारखे केले. पावसाळ्यात तर कडेने विटाही ठेवल्या. त्या ३०० रुपयांचे काय व्हायचे, तेही सांगून टाकतो. त्यातून माझ्या केएमटीच्या पासाला पैसे निघायचे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जुलैमध्ये, मी प्रथम वर्षाच्या वर्गात भूगोलाच्या तासाला बसलो होतो. सर आर्द्रता शिकवीत होते. उबदार हवेत अधिक बाष्प मावते; हवा थंड होऊ लागली की एका तापमानाला ती बाष्पाने तुडुंब भरते; त्याहून थंड झाली की जादा बाष्पाचे पाणी होते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. सरांनी थंड पाण्याच्या तांब्याचे उदाहरण दिले. बाहेरून घाम आलेला तांब्या आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मी मात्र तांब्या पाहत नव्हतो. मला फियाट दिसत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी विटा बाजूला केल्या आणि कव्हराखाली कोपरापर्यंत हात घातला. दोन दिवस पाऊस नव्हता. कव्हर बाहेरून कोरडे ठणठणीत होते. आत मात्र दाराचा पत्रा घामाने डबडबलेला. हात बाहेर काढला तर मनगटावरून पाणी ओघळले, आणि एक वास आला. तो वास मी कुठे घेतला होता, ते आठवायला मला वेळ लागला नाही. चुलत्यांच्या गंजीचा!

गणित सरळ होते. खाली उघडी माती, पावसाने ओली. दिवसा ऊन पडले की मातीतून वाफ उठणार. कव्हर जमिनीपर्यंत टेकलेले, वर विटा. वाफ जाणार कुठे? रात्री पत्रा गार पडला की त्यावर दव धरणार. सकाळी वारा लागून ते वाळावे, तर वाऱ्याला आम्हीच वाट ठेवलेली नाही. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आल्यावर गंज यायला आणखी कशाची गरज नसते. बाहेरचा पाऊस आत येऊ नये म्हणून एवढी खटपट केली, आणि आत रोज रात्री एक छोटा पाऊस पडत होता.

मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. माझ्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आबा सातवीपर्यंत, आई चौथीपर्यंत. कॉलेजात शिकतात ते नेमके कशाला उपयोगी पडते, असे गावाकडून कोणी ना कोणी विचारायचे आणि मी गप्प बसायचो. आज प्रथमच मला असे काही कळले होते, जे घरात कोणाला ठाऊक नव्हते आणि ज्याने एक गाडी वाचणार होती. मी धावतच आबांना सगळे सांगितले. दवबिंदू हा शब्द दोनदा उच्चारला.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "काका ३०० रुपये खोळ घालाय देत्यात. काढाय न्हाई."

"आबा, पण गाडी आतनं सडायला लागलीय!"

"लागू दे. खोळ काढा म्हणून तू सांगितलंस, त्यांनी काढली, आनि उद्या उंबराची फांदी पडली तर? वटवाघळांनी घाण केली तर? कुणाचं नाव घेत्याल? गेल्या साली काळ्या गाडीचं काय झालं इसारलास?" थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "सांगितल्यालं काम करावं. आपल्याला कुणी इचारलंय का?"

आबांचे चुकले, असे मी आजही म्हणणार नाही. एका खोलीत चार माणसांचा संसार आणि ती खोलीसुद्धा नोकरीबरोबर मिळालेली. अशा माणसाने दुसऱ्याच्या गाडीविषयी मत बाळगायचे नसते. पण मी तर आबा नव्हतो! मला सांगता आले असते. रोज सकाळी काकांचे वर्तमानपत्र आणि दूध मीच वर नेऊन देतो.

आणि काकांनी विचारलेही. त्याच आठवड्यात एके सकाळी दार उघडून ते म्हणाले, "काय रे, आमची म्हातारी काय म्हणते?"

मी म्हणालो, "मस्त आहे, काका. कव्हर एकदम घट्ट आहे."

दुसरे वाक्य खरे होते. पहिले का बोललो? आबांची भीती, पासाचे पैसे, ही कारणे आहेतच. पण खरे सांगायचे तर, काकांचा चेहरा इतका समाधानी होता की, त्याच्यावर दवबिंदू फेकायला माझे मन धजेना. मी जिना उतरलो. मग तो पावसाळा गेला, पुढचा आला, तोही गेला. दर संध्याकाळी आबा पट्टे आवळायचे आणि मी दुसरीकडे बघायचो.

२०२५ च्या दिवाळीत काकांची मुलगी पुण्याहून आली. जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ तिच्या ओळखीचे होते. त्यांना फियाट घ्यायची होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते सोबत एक मिस्त्री घेऊन आले. काका इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले. आबांनी विटा काढल्या, पट्टे सोडले. कव्हर मी गुंडाळले, अगदी शास्त्रशुद्ध, मागून पुढे. टप बरा होता. निळा रंग अजून दिसत होता. काका हसले. त्या गृहस्थांनीही मान डोलावली.

मिस्त्रीने ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले. बिजागरी मोठ्याने कुरकुरली. त्याने खालची रबरी मॅट उचलली आणि अंगठ्याने पत्रा दाबून पाहिला. अंगठा आरपार गेला. खालची माती दिसली. मग त्याने दाराच्या खालच्या कडेला पेचकस टेकवला. खपल्या पडल्या, तपकिरी, कुरकुरीत, मूठभर. तो काही बोलला नाही. नुसता दार लावायला गेला, आणि दार नीट लागेना.

मिस्त्रीने सांगितले ते न्याय म्हणून नोंदवतो. सगळे पाप कव्हराचे नव्हे. गाडी जुनी, वर्षानुवर्षे जागची हललेली नाही, काचेच्या रबरातून पाणी झिरपून मॅटखाली साचलेले, खाली उघडी माती. "पण वारा लागला असता तर अजून चार-पाच वर्षं काढली असती," एवढे तो म्हणाला. गृहस्थ सभ्य होते. चहा घेऊन गेले.

ताई आबांकडे वळल्या. "तुमचं लक्ष नव्हतं का?" आबा म्हणाले, "रोज बांधत हुतो, ताई. एक दिवस चुकलो न्हाई." त्यांच्या आवाजात जे होते ते ऐकून मी गुंडाळलेले कव्हर छातीशी धरून तसाच उभा राहिलो. काका म्हणाले, "त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं." आणि काठी टेकीत वर गेले.

त्यानंतरच्या चार रात्रींचा उल्लेख मी वर केलाच आहे. पाचव्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र द्यायला गेलो तो दारातच थांबलो आणि सगळे बोलून टाकले. तास, तांब्या, दवबिंदू, कव्हराखाली घातलेला हात, सगळे. आबांचे नाव तेवढे घेतले नाही. "मला एक वर्ष आधी माहीत होतं, काका, आणि मी मस्त आहे म्हणालो."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आत ये. बस." मी त्या घरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसलो.

"पाटबंधारे खात्यात माझी छत्तीस वर्षं गेली," ते म्हणाले. "त्यातली किती तरी राधानगरीच्या धरणावर. लोखंड आणि पाणी यांचं काय होतं, ते तू मला सांगतोस? दरवर्षी दरवाजे खरवडून घ्यायचो, रेड ऑक्साइड मारून घ्यायचो. ओलं लोखंड झाकून ठेवलं म्हणून माणसांना ओरडलोय मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कव्हर काढलं असतं तर बघावं लागलं असतं. तुझ्या काकू गेल्यावर मी त्या गाडीचं दार उघडलं ते दोनदाच, पुराच्या वेळी, आणि तेही दुसऱ्याला बसवायला."

मी काय बोलणार? त्यांनी मला चहा दिला, आणि तुमचा तो नवा अभ्यासक्रम कसा आहे, भूगोलाला पुस्तक कोणते आहे, असे विचारीत बसले. मला सातचा तास चुकला. सरांनी त्या दिवशीची माझी गैरहजेरी मांडली आहे. हे तिचे कारण.

आता फियाट उघडी असते. काकांनी तसेच सांगितले. ३०० रुपये चालू आहेत, मात्र आता गाडी पुसायचे, आणि ते माझ्या हातात देतात. पहिले काही दिवस आबांना चैन पडत नव्हते. संध्याकाळी सात वाजले की ते सवयीने कोपऱ्यात जायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, बांधायला काही नाही म्हणून उंबराची पडलेली पाने टपावरून उचलायचे आणि परत यायचे. गाळप सुरू झाल्यापासून रोज काजळी असते. वटवाघळेही आपले कर्तव्य चुकवीत नाहीत. मी आधी पाण्याने सोडवून घेतो, मग पुसतो. चारही दारे थोडा वेळ उघडी ठेवतो. ड्रायव्हरच्या बाजूचे दार लावताना खालून उचलून घ्यावे लागते. रविवारी काका खाली येतात आणि मागच्या सीटवर वर्तमानपत्र वाचीत बसतात. पुढे जमीन नाही म्हणून मागे.

कव्हर मात्र चांगले होते. कुठे फाटलेले नव्हते. काका म्हणाले, घेऊन जा. आबांनी ते गावी धाडले. गंजीवर घालायला उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले. मी डिसेंबरात गेलो तेव्हा पाहिले तर गंजी नेहमीसारखी शाकारलेली होती, आणि आजीने ती रुपेरी खोळ अंगणात उन्हात अंथरून तिच्यावर नाचणी वाळत घातली होती.

"बेस हाय," ती म्हणाली. "खाली घालाय."